‘तिशीनंतर सार्कोमाची चिंता नको’ म्हणे! कोण लिहिते हे?

सक्करदऱ्याचा मास्तर
काल आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लांबलचक पोस्ट टाकली. मतलब असा की सार्कोमा (हाड, स्नायू, चरबी यांतला कॅन्सर) हा वाढत्या वयातल्या पोरांचा कॅन्सर, दहा ते वीस या वयात होतो. तिशी ओलांडली की निर्धास्त राहा, मोठ्या माणसाच्या अंगावरची गाठ नव्याण्णव टक्के चरबीचीच असते. खाली बावीस अंगठे. तिथं बोललो तर अध्यक्ष ‘ग्रुपचं वातावरण’ काढतात, म्हणून इथं लिहून राहिलो.

माझे बाबा त्रेसष्टचे होते. उजव्या मांडीत आतल्या बाजूला गाठ. दुखत नव्हती, तेच नडलं. आधी लिंबाएवढी, मग संत्र्याएवढी (नागपूरचा माणूस दुसरं काय सांगणार). आई त्यांचे पायजमे घरीच शिवायची. तिनं उजवा पाय चार बोटं सैल शिवला, अन् तरी घरात कोणाला काही खटकलं नाही, मलाही नाही. एका डॉक्टरनं दाबून पाहिली, ‘लायपोमा’, म्हणजे चरबीची साधी गाठ म्हणाला, जागेवरच भूल देऊन काढली. एमआरआय नाही, आधी सुईनं तुकडा काढून पाहणं नाही. काढलेली गाठ आम्हाला स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवली आणि टाकून दिली, तपासायला पाठवलीच नाही. सात महिन्यांत त्याच जागी परत. तेव्हा कुठं लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीतला सार्कोमा, हे नाव ऐकलं. पहिल्या ऑपरेशननं आजूबाजूची जागा खराब झालेली, म्हणून दुसऱ्या वेळी अर्धी मांडी उघडावी लागली.

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांतले सार्कोमा मुख्यतः पन्नाशी-साठीतच सापडतात. हाडातला कॉन्ड्रोसार्कोमासुद्धा बहुतेक चाळिशीनंतरचा. आणि हे म्हणतात निर्धास्त राहा!

ऑरेंज सिटीची काकू
मास्तर, ती पोस्ट आमच्याही ग्रुपवर आली आणि मी अंगठा दिला. का दिला ते ऐका.

माझा भाचा चौदाचा. रोज रेशीमबागच्या मैदानावर. गुडघ्याच्या वर दुखायला लागलं तर सगळे म्हणे वाढीचं दुखणं आहे, उंची वाढून राहिली ना पोराची. वाढीचं दुखणं दोन्ही पायांना, आलटूनपालटून, सकाळी गायब. याचं एकाच पायाला, एकाच जागी, रात्री दोनला उठून बसायचा. हा फरक आम्हाला कोणी सांगितला नाही. तीन महिने गेले. एक्स-रे काढला तेव्हा मांडीच्या हाडाचं खालचं टोक पोखरलेलं. ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर.

मोठ्यांच्या शंभर कॅन्सरांत सार्कोमा एखादा. पोरांच्या शंभरात दहा-पंधरा. ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग, हाडांचे हे दोन्ही सार्कोमा नेमके उंची झपाट्यानं वाढते त्या वयात. मग पोरांच्या आईबापांना ओरडून सांगितलं तर काय चुकलं? १९७७ मध्ये कॅनडात टेरी फॉक्स नावाच्या पोराचा पाय याच ऑस्टिओसार्कोमामुळे अठराव्या वर्षी गुडघ्याच्या वरून कापावा लागला. आज वेळेत आलं तर बहुतेकांचा पाय वाचतो. आमच्या पोराचा वाचला, आत धातूचा सांधा आहे. लंगडतो, पण स्कुटी चालवतो.

सक्करदऱ्याचा मास्तर
काकू, भाच्याचं वाचून बरं वाटलं. पण ‘पोरांना जपा’ आणि ‘मोठ्यांनो निर्धास्त राहा’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुम्ही अंगठा दुसऱ्यालाही दिला. अन् तुमचा तो ऑस्टिओसार्कोमा साठीनंतर पुन्हा एकदा डोकं वर काढतो, पेजेटच्या आजारात (त्यात हाडं वेडीवाकडी वाढतात) किंवा आधी रेडिएशन घेतलेल्या हाडात.

ऑरेंज सिटीची काकू
काढतो. थोड्यांना. मास्तर आहात म्हणून दर वेळी लाल शाई लागतेच का?

हिशेबनीस
दोघंही बरोबर, म्हणूनच भांडण मिटत नाही. काकू टक्का सांगतात, मास्तर डोकी मोजतात. पोरांना कॅन्सरच मुळात कमी होतो, त्या थोड्यातला मोठा वाटा सार्कोमाचा. मोठ्यांचे कॅन्सर इतके की त्यातला एक टक्कासुद्धा पोरांच्या आकड्याला मागे टाकतो.

मात्र मास्तर, ‘पन्नाशी-साठी’ हे ज्या देशांतून आलं तिथं म्हातारे जास्त. आपल्याकडे निम्मी जनता तिशीच्या आत. इथल्या ओपीडीची रांग तरुणच दिसणार. आणि ते नव्याण्णव टक्के खोटं नाही हो. साध्या गाठी सार्कोमापेक्षा शंभर पटीनं जास्त असतात.

सक्करदऱ्याचा मास्तर
असतील. आमच्या घरी शंभरावी आली.

फिजिओ, खामला
वयाचं राहू द्या. काकू, त्या तीन महिन्यांत पोराच्या पायाला मालिश केली का?

ऑरेंज सिटीची काकू
केली. तीन आठवडे एका चोळणाऱ्याकडे नेलं. माझ्या बहिणीला आजही ते बोलवत नाही, तुम्ही उकरू नका.

फिजिओ, खामला
उकरणार. या चोळणाऱ्यांना आत टाकलं पाहिजे. आत हाड पोखरलेलं असतं, वरून हे अंगठ्यानं रगडून राहिले. मोडलं म्हणजे? विदर्भात प्रत्येक गावी एक असा बसला आहे.

काटोलकर
थांबा बापा. माझे आजोबा हाडं बसवायचे. पहाटेपासून दारात बंड्या लागत. बांबूच्या कामट्या, लेप, पैसा घेत नसत. पण पडल्या-लागल्याशिवाय सुजलेलं हाड असलं की हात लावत नसत. ‘हे माह्यं नाही, मेडिकलले जाय’ म्हणत, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात. मी स्वतः ऐकलं आहे. अन् मास्तरांच्या बाबांची गाठ कोणत्या चोळणाऱ्यानं काढली? शिकल्या-सवरल्या डॉक्टरनंच ना? तिथं काहून गप्प?

फिजिओ, खामला
आजोबांची पुण्याई इथं विकू नका. सगळे तुमच्या आजोबांसारखे नसतात.

काटोलकर
अन् सगळे फिजिओ तुमच्यासारखे असतात का? गुडघा दुखते म्हटलं की मशीन लावायचं, तीनशे रुपये घ्यायचे, दहा बैठका. एक्स-रे मागता का आधी?

धंतोली-पीडित
एक्स-रे, एमआरआय सगळं मान्य, पण काढायचा कुठं? चिठ्ठीवर सेंटर आधीच ठरलेलं. दुसरीकडून काढला की ‘क्वालिटी नाही, पुन्हा काढा’. कट प्रॅक्टिस म्हणतात याला. अन् दवाखान्यांच्या त्या धंतोलीत गाडी लावायला जागा मिळेपर्यंत गाठ एक सेंटिमीटर वाढते.

काटोलकर
भाऊ, तुमचं पार्किंग प्रत्येक धाग्यात!

फिजिओ, खामला
काटोलकर, रात्रभर तुमचा प्रश्न डोक्यात राहिला. सहा वर्षांपूर्वी अकरावीतल्या एका मुलीच्या खांद्याला मी दहा दिवस मशीन लावलं. ती रोज म्हणायची, सर, रात्री जास्त दुखते. अकराव्या दिवशी मी एक्स-रे मागितला. पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून पोरासोरांचं एका जागेचं, रात्रीचं दुखणं आलं की आधी फोटो, मग मशीन. चोळणाऱ्यांबद्दलचं मत तेच आहे.

काटोलकर
ठीक. आजोबांना यातून वगळलं म्हणून समजतो.

सत्ताविशीतली
मला कोणत्या ग्रुपात टाकता? काकूंच्या वाढत्या पोरांत बसत नाही, मास्तरांच्या साठीतही नाही. घोट्याजवळ चिंचोक्याएवढी गाठ. दोन वर्षं ‘गँगलियन आहे’, म्हणजे सांध्याजवळची साधी पाणीदार गाठ, असंच ऐकलं. निघाला सायनोव्हियल सार्कोमा, मऊ भागांतलाच एक प्रकार, जो पंधरा ते चाळीसमध्येच जास्त सापडतो. लहान गाठ, हळू वाढणारी, म्हणून मीही कधी मनावर घेतलं नाही. नोकरी नवी, लग्नाचं पाहणं सुरू. आईनं पाहुण्यांसमोर सॅंडल घालू नको, बूट घाल म्हणून सांगितलं होतं. तिलाही गँगलियनचीच लाज.

आणि तिकडे तीन-चार वर्षांची लेकरं आहेत, रॅब्डोमायोसार्कोमाची, म्हणजे स्नायूंच्या सार्कोमाची. कीमोच्या दिवशी माझ्या शेजारच्या खाटेवर एक होतं. त्याला तर वाढीचं दुखणं म्हणायलाही वाव नव्हता, डोळा सुजून पुढे आला होता. सत्तरच्या वर प्रकार आहेत या आजाराचे. तुम्ही एक वय शोधून राहिले.

ऑरेंज सिटीची काकू
ताई, आता तब्येत कशी आहे?

सत्ताविशीतली
बरी. दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी. पाय आहे.

सक्करदऱ्याचा मास्तर
वयाचा हट्ट सोडतो. सोडतो म्हणजे, काकूंनी आधी सोडला तर. कॉलनीच्या ग्रुपवर आज हे टाकतो आहे: गाठ पाच सेंटिमीटरच्या वर, किंवा खोल, किंवा वाढणारी असेल तर वय न पाहता दाखवा. दुखत नाही म्हणून सोडू नका. आधी स्कॅन, मग सुईनं तुकडा, तोही जे पुढे ऑपरेशन करतील त्यांच्याच सल्ल्यानं, चाकू शेवटी. काढलेली कोणतीही गाठ तपासायला पाठवलीच पाहिजे.

सत्ताविशीतली
माझी दोन सेंटिमीटरची होती, मास्तर.

सक्करदऱ्याचा मास्तर
‘लहान असली आणि जात नसली तरी’ हेही घालतो. झालं?

ऑरेंज सिटीची काकू
‘पोराचं रात्रीचं, एकाच जागचं हाड दुखणं’ कुठं गेलं? ते पहिल्या ओळीत घाला. मग सोडते हट्ट.

मानेवाडा रिंग रोड
सगळं वाचलं. सासूबाईंच्या पाठीवर आठ वर्षांपासून गाठ आहे, मऊ, बोटाखाली सरकते, आकार तोच. वय एकाहत्तर. त्या म्हणतात, मेल्यावर पाहू. काय करू?

फिजिओ, खामला
वर्णन साध्या चरबीच्या गाठीचं आहे. तरी एकदा सोनोग्राफी करून घ्या.

काटोलकर
चोळू मात्र नका.

धंतोली-पीडित
ऑटोनं जा.