समुद्रतळावरच्या युद्धकबरी आणि भंगाराचा बाजार

दर्यासारंग (धागाकर्ता)

जावा समुद्रातील लढाईला ७५ वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने २०१६ साली पाणबुड्यांची एक मोहीम डच युद्धनौकांच्या अवशेषांकडे गेली. २७ फेब्रुवारी १९४२ च्या त्या लढाईत अ‍ॅडमिरल कारेल डोरमन आपल्या ‘डी रॉयटर’ या जहाजासह बुडाले होते, आणि २००२ मध्ये ते जहाज सापडलेही होते. या वेळी मात्र सोनारवर (ध्वनिलहरींनी समुद्रतळ पाहणाऱ्या यंत्रावर) जहाज दिसले नाही, दिसला तो त्याच्या सांगाड्याएवढा खळगा. सुमारे १७० मीटर लांबीची क्रूझर तळातून उचलून नेलेली होती. ‘जावा’ ही दुसरी क्रूझरही पूर्ण नाहीशी झाली होती आणि ‘कोर्टेनार’ या विनाशिकेचा मोठा भाग गेलेला होता.

मे २०२३ मध्ये मलेशियाच्या सागरी यंत्रणेने जोहोरच्या किनाऱ्याजवळ ‘चुआन हाँग ६८’ हे चिनी नोंदणीचे जहाज परवानगीविना नांगर टाकल्याच्या कारणावरून अडवले, तेव्हा त्यावर गंजलेले पोलाद आणि तोफगोळे सापडले. जोहोरमधल्याच एका भंगाराच्या आवारात जिवंत दारूगोळा मिळाला. तो १० डिसेंबर १९४१ रोजी क्वांतानजवळ जपानी विमानांनी बुडवलेल्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेचा असावा, असा तेथील अधिकाऱ्यांचा संशय होता. ती नौका आणि तिच्यासोबतची ‘रिपल्स’ यांच्यावर मिळून आठशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांना त्या जहाजांवाचून दुसरी कबर नाही.

माझे म्हणणे असे की, ही चोरी समुद्रात पकडता येत नाही. मालकी एका देशाची, पाणी दुसऱ्याच्या अखत्यारीतले आणि गिऱ्हाईक तिसरीकडचे, अशी वाटणी झाल्यामुळे प्रत्येकाला हात झटकण्याची सोय आहे. ती पकडायची असेल तर जिथे भंगाराचा वजनकाटा आहे तिथेच पकडली पाहिजे.

शंकासुर

चोरीचे समर्थन मी करत नाही, पण हळहळीच्या या सुराशी माझे जुळत नाही. जावा समुद्रात डच आरमार कशासाठी होते? वसाहत राखण्यासाठी. युद्ध संपल्यावर याच डचांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मोडून काढण्यासाठी १९४९ पर्यंत फौजा पाठवल्या. आता त्याच देशाने त्यांच्या जहाजांवर पहारा द्यावा, ही अपेक्षा मला विचित्र वाटते. आमच्याकडे कोणी राखण मागितलीच नव्हती, असे इंडोनेशियाच्या बाजूने तेव्हा सांगण्यात आले होते, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

दुसरे असे की, पोलाद खाऱ्या पाण्यात गंजून जाणारच आहे. आपण आपल्या जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे काय केले? २०१४ साली मुंबईत दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात ती तोडली, आणि तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल लोकांनी अभिमानाने विकत घेतली. तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

दर्यासारंग

दुखावल्या होत्या, शंकासुर. ‘विक्रांत’चे संग्रहालय करावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, हे आपण विसरलात. तरीही तिची तुलना येथे लागू पडत नाही, कारण ‘विक्रांत’च्या पोटात कोणी पुरलेले नव्हते. तुलनाच करायची तर ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडालेल्या ‘खुकरी’ या आपल्या युद्धनौकेशी करा. तिच्यासोबत कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. उद्या कोणी क्रेनचा पंजा टाकून ‘खुकरी’चे तुकडे काढू लागले, तर ‘नाहीतरी ती गंजणारच होती’ असे आपण म्हणणार आहात काय? विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानच्या ‘गाझी’चे अवशेष आपल्या नौदलाच्या खोल पाण्यातील बचावयानाला दिसल्याची बातमी २०२४ मध्ये आली, तेव्हाही मृतांचा मान राखून त्यांना हात लावलेला नाही, असेच सांगण्यात आले. ती तर थेट शत्रूची पाणबुडी होती.

वसाहतीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो अर्धा आहे. डच जहाजांवर इंडोनेशियन खलाशीही होते आणि तेही तिथेच बुडाले. सप्टेंबर १९४४ मध्ये ‘जुन्यो मारू’ हे जपानी जहाज ब्रिटिश पाणबुडीने सुमात्राजवळ बुडवले, त्यात गेलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांपैकी बहुसंख्य हे वेठीला धरलेले जावाचे मजूर होते. त्यांची कबर कोणाच्या वसाहतीची म्हणायची?

कटरवाला

माझे काका दारूखान्यात प्लेट कापायचे आणि मीही उमेदीची चार वर्षे तिथे काढली आहेत, म्हणून धंद्याच्या बाजूने लिहितो. असल्या कामात पाणबुडा आत शिरून नाजूकपणे काही सोडवत बसतो, हा गैरसमज आहे. बार्ज (सपाट तळाची मालनौका) वर नांगरतात, क्रेनला अडकवलेला काही टनांचा पंजा खाली सोडतात, तो जे तुटेल ते ओढून वर आणतो. जिथे पंजा चालत नाही तिथे आधी सुरुंग लावतात. पहिली नजर असते प्रोपेलरवर, कारण तो कांस्याचा असतो, मग कंडेन्सरच्या नळ्या, तांबे, पितळ. लोखंडाला किलोमागे फार मिळत नाही, पण ते हजारो टन असते.

आता वजनकाट्याविषयी. त्या काळच्या जहाजाचे पत्रे मुख्यतः रिव्हेटने जोडलेले असत. आजचे जहाज वेल्डिंगचे असते. एका ओळीत रिव्हेटची डोकी, त्यावर शिंपल्यांची पुटे, आणि कापताना निघणारा पापुद्र्यांचा थर, हे पाहून पोऱ्यासुद्धा सांगेल की माल समुद्राच्या तळाचा आहे. भट्टीपर्यंत तो माल पोचतो, याचा अर्थ मधल्या प्रत्येकाने पाहिले आहे आणि पावती न मागता घेतले आहे. धागाकर्त्यांशी मी येथपर्यंत सहमत आहे. मात्र ‘चुआन हाँग ६८’वर जे बत्तीस जण पकडले, त्यांत दहा बांगलादेशी होते. अडकतात ते हेच. ज्याच्या आवारात माल उतरतो तो कधीच नाही.

अणुरेणू

१९४५ च्या अणुचाचणीआधीचे पोलाद किरणोत्सर्गाच्या दृष्टीने स्वच्छ असते, म्हणून ते सोन्याच्या भावाने जाते आणि त्यासाठीच ही लूट होते, असे नाही का?

कटरवाला

अशा पोलादाचा उपयोग मोजणीच्या संवेदनशील उपकरणांसाठी झाला आहे, स्कॉटलंडमधील स्कॅपा फ्लोला १९१९ साली बुडवलेल्या जर्मन जहाजांचे पोलाद त्यासाठी वापरले गेले. पण ती गरज थोडक्या मालाची. हजारो टन पोलाद प्रयोगशाळेत जात नाही, बांधकामाच्या सळईच्या भट्टीत जाते. गोष्ट रंजक आहे म्हणून सगळे तीच सांगतात.

कलमबहाद्दर

कायद्याची बाजू इतकी सैल आहे की आश्चर्य वाटावे. ब्रिटनचा लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा १९८६ चा कायदा ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ला संरक्षण देतो, पण ब्रिटनच्या हद्दीबाहेर तो बांधतो तो ब्रिटिश नागरिकांना आणि ब्रिटिश जहाजांना. चिनी बार्जला त्याचे काय? युनेस्कोच्या २००१ च्या करारात समुद्राखालचा वारसा म्हणजे किमान १०० वर्षे पाण्यात असलेली वस्तू, म्हणजे ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ला तो लागू होणार डिसेंबर २०४१ पासून, आणि मलेशिया त्यात सामीलही नाही. सागरी कायद्याने अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे देशाच्या सागरी हद्दीपलीकडच्या पट्ट्यात, किनाऱ्यावरच्या देशाला मासे आणि तेल यांवर अधिकार दिले आहेत, परक्या देशाच्या बुडालेल्या युद्धनौकेवर नव्हेत. म्हणूनच त्या जहाजाला नांगर टाकण्याच्या परवानगीवरून अडवावे लागले. एखाद्या दरोडेखोराला चुकीच्या जागी गाडी उभी केली म्हणून पकडावे, तसला हा प्रकार.

कोकणकर

या चर्चेत आमच्याकडची एक बाजू येत नाही, म्हणून लिहितो. रत्नागिरीच्या किनारपट्टीवरची पुष्कळ माणसे ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशी, भट्टीवाले म्हणून गेली होती. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या सुमारे सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मारकांच्या नोंदींत आहेत. त्यांना कबर नाही, फक्त यादी आहे. ज्या व्यापारी जहाजांवर ते गेले, त्यांतल्या बहुतेकांना युद्धनौकेचा दर्जा नाही, म्हणून ती लुटली गेली तर लंडनमध्ये निषेधाचा कागदही निघत नाही. ‘युद्धकबर’ हा शब्द तोफा असलेल्या जहाजापुरता राखून ठेवणे मला पटत नाही. शंकासुरांचा राग खरा आहे, पण त्याचे उत्तर संरक्षण काढून घेणे हे नसून ते या जहाजांपर्यंत आणणे हे आहे.

शंकासुर

‘जुन्यो मारू’चा दाखला मला माहीत नव्हता. वसाहतीच्या आरमारापुरते माझे म्हणणे कायम ठेवतो, पण कबर कोणाची हा प्रश्न मी फार लवकर मिटवून टाकला होता, हे मान्य. तरी एक व्यावहारिक अडचण उरते. ही जहाजे नुसती कबरी नाहीत, त्यांत तेल आणि दारूगोळा आहे. कबर म्हणून हात लावायचा नाही असे ठरले, तर गंजलेली टाकी फुटल्यावर किनाऱ्यावरच्या कोळ्याने काय करायचे? तेव्हा तुम्ही परवानगीने भंगार काढायला तयार व्हाल का?

दर्यासारंग

भंगार काढायला नाही, तेल काढायला होईन. ऑक्टोबर १९३९ मध्ये स्कॅपा फ्लोच्या बंदरात पाणतीराने बुडालेली ‘रॉयल ओक’ ही आठशेहून अधिक जणांची कबर आहे. तिचे तेल गळू लागले, तेव्हा ब्रिटिश नौदलाने सांगाडा न फोडता टाक्यांना भोक पाडून, त्यावर झडप बसवून ते वर ओढून घेतले. आतल्या माणसांना धक्का लागला नाही आणि पाणीही सुधारले. त्या कामाला पैसा लागतो हे खरे, आणि तो जहाज ज्या देशाचे त्याने द्यावा, कारण मालकी सांगायची तर गळतीही आपलीच म्हणावी लागते. क्वांतानसाठी लंडनने असे काही करायचे ठरवले, तर तुमच्या कोळ्याची बाजू पहिल्यांदाच ऐकली जाईल.