'थीम'ला मराठीत काय म्हणता? आणि प्लॉट, सेटिंग, कॅरेक्टरला?

मंडळी, एका शब्दावर अडलेय. दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत नऊदहा मुलं जमवून मी मराठी गोष्टी वाचून दाखवते. सगळी चौथी ते सातवीतली, शाळा इंग्लिश मीडियम, बाहेर हिंदी, आणि घरात आजी असेल तरच मराठी. शाळेत त्यांना गोष्ट वाचून प्लॉट, कॅरेक्टर, सेटिंग, थीम लिहायला लावतात, म्हटलं तेच आपल्या चिमणी-कावळ्यावर करून बघू. प्लॉट म्हटल्याबरोबर एकजण म्हणाला आमचा सुपर कॉरिडॉरला आहे. सेटिंगला मागची दोन मोठी पोरं फिदीफिदी हसायला लागली (इंदुरात सेटिंग कशाला म्हणतात ते सांगायला नको). थीम म्हणजे बर्थडेला फुगे कुठल्या रंगाचे ती. कॅरेक्टरचं तर सोडूनच द्या.

मग मराठी शब्द काढले: कथानक, पात्र, वातावरण, तात्पर्य. पहिले दोन खपले. वातावरणाखाली चौघांनी लिहिलं 'छान आहे'. आणि तात्पर्य म्हणून झाडून सगळ्यांनी एकच, 'घर पक्कं बांधावं'. चूक नाही, पण एवढ्यासाठी गोष्ट कशाला, ठेकेदारानेही सांगितलं असतं. तुम्ही काय शब्द वापरता?

प्रतिसाद –
ताई, चूक मुलांची नाही, शब्दाची आहे. तात्पर्य म्हटलं की इसापनीतीतली ती शेवटची ठळक ओळच डोळ्यापुढे येते. त्यात आपल्याकडे हिंदीची भर. मी आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवली, तिथे कहाणीची सहा तत्त्वं पोरं पाढ्यासारखी म्हणतात: कथानक, पात्र आणि चरित्र-चित्रण, कथोपकथन, देशकाल-वातावरण, भाषा-शैली, उद्देश्य. हे उद्देश्य म्हणजे लेखकाच्या मनात काय साधायचं होतं ते, तीही थीम नव्हे. मी आशय म्हणेन. संस्कृतात 'आ' आणि 'शी', म्हणजे पडून राहणं, वसणं, त्यावरून आलेला शब्द आहे. पाणी साठतं तो जलाशय, तसं गोष्टीच्या पोटात जे साठलंय तो आशय. मुलांना जलाशय माहीत असतो, सिरपूरचा तलाव दाखवा.

आणि एक सोपी खूण सांगतो. उत्तर 'करावं', 'करू नये' असं संपलं तर ते तात्पर्य. आशय सांगताना क्रियापदाला 'आवं' लागत नाही.

प्रतिसाद –
काकांनी चरित्राचं नाव काढलंच आहे म्हणून. माझ्या लेकीने मराठीच्या वहीत 'कावळ्याचं चरित्र' असं हेडिंग टाकलं, मला वाटलं जन्म अमुक साली, शिक्षण अमुक ठिकाणी असं काही लिहिलंय की काय! हिंदीतलं चरित्र म्हणजे आपला स्वभाव, आपलं चरित्र म्हणजे माणसाची जीवनकथा, आणि आपलं चारित्र्य पुन्हा तिसरंच, ते दाखल्यावर असतं. व्यक्तिरेखा हा शब्द चांगला आहे पण कावळ्याला व्यक्ती म्हणायला मुलं तयार नाहीत. सरळ 'पात्र' आणि 'त्याचा स्वभाव' म्हणा. आणि स्वभाव विचारलात की लगेच 'कशावरून' विचारा, नाहीतर चिमणी हुशार, कावळा आळशी यापुढे गाडी सरकत नाही. बाहेर धो धो पाऊस, कावळा दार ठोठावतोय आणि ही आतून म्हणते थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. आता हे हुशार की निष्ठुर की घाबरलेली एकटी आई, यावर आमच्या घरी जेवणं थांबली होती.

प्रतिसाद –
पात्र म्हणजे भांडं, नदीचं पात्र, दानाला पात्र माणूस, आणि गोष्टीतलंही पात्र. आणि तिकडे आशयात जलाशय. गंमतच आहे, दोन्हीकडे पाणी.

कथानकाबद्दल थोडं. संस्कृतात कथानक म्हणजे छोटी कथाच, घटनांची बांधणी हा अर्थ आपण आता वापरतो. दशरूपक या जुन्या संस्कृत नाट्यग्रंथात त्याला 'वस्तू' म्हटलंय, म्हणून आपली कथावस्तू. नाट्यशास्त्रात इतिवृत्त हे नाटकाचं शरीर, आता बिचारं सोसायटीच्या मिटिंगचं लिहितात. मुलांना यातलं काही सांगू नका! त्यांना 'मग' आणि 'म्हणून' द्या. मुलं गोष्ट सांगतात ती मग, मग, मग अशी. त्यांना म्हणा प्रत्येक 'मग'च्या जागी 'म्हणून' घालून बघा. पाऊस आला म्हणून शेणाचं घर वाहून गेलं, म्हणून कावळा चिमणीकडे आला, इथपर्यंत मस्त बसतं. पुढे आंघोळ घातली म्हणून तीट लावली? नाही बसत. तिथे कथानक पुढे जातच नाही, तेच दार तीनदा वाजतं, आणि तरी लहान मूल तिथेच सगळ्यात जास्त खूश असतं. ते का, हा प्रश्न त्यांनाच विचारा.

प्रतिसाद –
माझं माहेर बडोद्याचं. तिथे शेजारची मुलं आजीकडे 'वार्ता' मागायची आणि आम्हाला वाटायचं रेडिओ लावायचाय, गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट! आपली 'गोष्ट' मूळची गोष्ठी, म्हणजे चार जणांचं बोलणं, हिंदीत अजून गोष्ठी म्हटलं की खुर्च्या आणि माईक. बडोदा संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढला होता, त्यात राज्यकारभाराचे शब्द मराठी, गुजराती, हिंदी असे अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडलेत. वहिनी, तुम्हीही फळ्यावर तेच करा ना. इंग्रजी, हिंदी, मराठी तीन रकाने, आणि एकच शब्द दोन रकान्यांत वेगळा अर्थ घेऊन बसला असेल तर त्याला लाल खडूचा गोल. वातावरण मात्र काढाच, ते आपल्याकडे हवामानाला लागतं. 'स्थळ-काळ' घ्या, नाटकाच्या पुस्तकात असतं तसं.

प्रतिसाद –
एवढा खटाटोप कशाला, थीम म्हणा की. टेबल, पेन, मोबाईल पचवले, थीम जड होईल का. परीक्षेत मुलं तेच लिहिणार आहेत.

मूळ धागा मीच टाकला होता –
दादा, परीक्षेत लिहू देत, शाळेचं शाळेत. माझी अडचण वेगळी होती, थीम म्हटलं की मुलं शाळेत शिकवलेलं वाक्यच उचलून देतात.

काल सगळं करून पाहिलं, पोहे जरा जास्त करावे लागले कारण क्लास दोन तास चालला. स्थळ-काळ जमलं. म्हटलं गोष्टीतला पाऊस काढा आणि इंदूरचा मे महिना घाला. दोन मिनिटं शांतता, मग एकदम गलका: मेण वितळणार! म्हणजे आता चिमणी जाणार कावळ्याकडे, शेणाचं घर उन्हात टणक. सगळं कथानकच उलटं फिरलं, आणि मग मला सेटिंग समजावून सांगायची गरजच पडली नाही. (एकाचा कावळा मात्र उलट सूड घेत होता, तोही थांब थांब म्हणत तीनदा.)

'मग' काढून 'म्हणून' घालायला वेळ लागला, लहान दोघांना अजून जमलेलं नाही. आशयाला एकीने लिहिलं, 'एक कोरडं आत, एक ओलं बाहेर'. बस, एवढंच. दुसऱ्याने लिहिलं 'दार उघडावं', तर बाकीचे ओरडले आवं आलं, आवं आलं! काका, तुमची खूण आता त्यांचा खेळ झालाय, आईने 'दूध प्यावं' म्हटलं तरी आवं आलं म्हणतात, दोघींच्या आयांचे फोन आले.

आता नवीन भांडण. पाऊस कुठल्या रकान्यात? एक गट म्हणतो स्थळ-काळ. दुसरा म्हणतो पात्र, कारण घर त्यानेच मोडलं.

प्रतिसाद –
पावसाचा स्वभाव विचारा. सांगता आला, आणि 'कशावरून' तेही सांगता आलं, तर पात्र.