नुसती पुली बदलून भागत नाही

काहीजण म्हणतात, मिनी कूपर एसच्या (आर ५३ हे त्या मॉडेलचं नाव) सुपरचार्जरला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाला, १५ टक्के लहान पुली टाका, बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) आपोआप वाढतो, ट्यूनिंगचा खर्च कशाला? अर्धं खरं आहे. सुपरचार्जर बेल्टवर फिरतो, त्यामुळे पुली लहान केली की त्याच आरपीएमला तो १७-१८ टक्के जास्त गरगरतो. पण तो ईटन कंपनीचा एम४५, रूट्स जातीचा, म्हणजे दोन रोटर फिरवून हवा ढकलणारा. असला सुपरचार्जर जोरात पळवला की हवा भरपूर तापवतो, आणि तापलेली हवा म्हणजे नॉकिंगला (सिलिंडरात मिश्रण आपोआप भडकण्याला) आवतण. त्यात इंटरकूलर (ही हवा थंड करणारा रेडिएटर) इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला, ट्रॅफिकमध्ये बिचारा भाजून निघतो.

म्हणून आधी मूळच्यापेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) स्पार्क प्लग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, आणि वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावून फुल थ्रॉटलला मिश्रण लीन होतंय का, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय का, ते बघा. दोन-चार जोरदार रपेटी झाल्या की प्लग काढून भिंगातून न्याहाळा. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके किंवा चकाकते कण दिसले, तर जुनी पुली परत चढवा. ते कण पिस्टनचे असतात!

बेल्टही थोडा आखूड लागतो, नाहीतर घसरतो.

आणि सुपरचार्जरचं ऑइल? ते कुणीच बघत नाही. या इंजिनात वॉटर पंपही त्याच्याच गियरवर चालतो. ऑइल आटून गियर गेले की कूलंट फिरायचं थांबतं. पुलीच्या कामाबरोबरच ते बदलून घ्या.