चादरींच्या पेमेंटचं चार्जबॅक झालंय, मदत हवी आहे

सोलापुरात चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे आमचं. हुबळीच्या एका गिऱ्हाईकानं पेमेंट लिंकवरून क्रेडिट कार्डानं १८,४०० भरले, ओटीपी टाकून, पैसे खात्यात सेटलही झाले, माल ट्रान्सपोर्टनं गेला. आता तेवढीच रक्कम परत कापून घेतलीय, स्टेटमेंटला नुसतं 'चार्जबॅक' (म्हणजे कार्डाच्या बँकेनं पेमेंट उलटवून पैसे परत घेणं). गिऱ्हाईक फोनवर म्हणतंय मी काहीच केलं नाही, मला तर माल पण आवडला!

ब्रँचवाले म्हणतात पेमेंट कंपनीला विचारा, कंपनीकडं तिकीट टाकलंय तर ठराविक छापील उत्तर. व्यवहार फेल झाला तर टी प्लस ५ दिवस (व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे परत) आणि पुढं रोजचे १०० रुपये भरपाई हा आरबीआयचा नियम माहितीय, पण तो इथं लागू नाही, व्यवहार सक्सेस झालेला, त्यामुळं कृपया तेच सांगू नका.

माझ्याकडं जीएसटी बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल पाठवल्याची पावती) आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईकाचा 'माल मिळाला' मेसेज आहे, पण ट्रान्सपोर्टच्या पोच पावतीवर सही त्याच्या पुतण्याची आहे.

चार्जबॅकचा रीझन कोड (कोणत्या कारणानं केला ते सांगणारा कोड) नेमका कुणाकडून मागायचा? आणि ओटीपी झालेला असताना 'कार्ड मी वापरलंच नाही' हे कारण टिकतं का, का 'माल मिळाला नाही' असंच टाकलं असेल, आणि तसं असेल तर पुतण्याची सही चालेल का?