मान्सून केरळात पोचला, तुम्ही इथं तिफण का जुंपता?

कोरडवाहू: काल इथं एकानं लिहिलं, 'केरळात मान्सून लागला, आठ दिवसांत पेरण्या उरका, नाहीतर उत्पन्न घटेल.' डोकं फिरलं. केरळची घोषणा म्हणजे केरळ आणि आसपासच्या १४ ठरलेल्या केंद्रांपैकी ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस किमान अडीच मिमी पाऊस, वर वारा-ढगांचे निकष. माझ्या वावराचा काय संबंध? २०२५ आठवा. २४ मेला केरळ, २६ मेला मुंबई, मग मान्सूनची पुढं सरकणारी रेघ अडली ती जूनच्या मध्यापर्यंत. मी मेच्या सरींवर भुलून सोयाबीन टाकलं. मोड आले, ऊन तापलं, दुबार पेरणी. बियाणं, खत, डिझेल परत. ७५ ते १०० मिमी पडून ओल वीतभर उतरल्याशिवाय पेरायचं नाही, बस.

काळी कसदार: मोजायचं कशानं? महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र सात किलोमीटरवर. तिथं धो धो, इथं धूळ. आणि घात आली, म्हणजे पेरणीजोगी ओल झाली, की सगळ्या गावाला त्याच दिवशी ट्रॅक्टर हवा. गेल्या साली माझा नंबर सहाव्या दिवशी लागला, तोवर ओल उडाली. म्हणून कपाशी धूळपेर करतो, पावसाआधीच कोरड्यात टाकतो.

कोरडवाहू: सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा, पट्टी बुडवा. यंत्र कशाला? आणि धूळपेर फसली तर?

काळी कसदार: तर तुमच्यासारखंच दुबार. डब्यानं ट्रॅक्टर मिळतो का तेवढं सांगा.

मृगकिडा: आमचे आजोबा मृग बघून पेरायचे. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं, म्हणजे पाऊस भरपूर, की निर्धास्त. एकदाही दुबार नाही.

उघडा डोळा: आलं वाहन! सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजा, नऊनं भागा, बाकी उरेल तो प्राणी. या भागाकारात ढग कुठाय? पावसाळी वेंगुर्ल्याला आणि दुष्काळी माणदेशाला एकच बेडूक?

मृगकिडा: आजोबांना अडाणी म्हणताय का?

उघडा डोळा: आजोबांना नाही, बेडकाला म्हणतोय.

मृगकिडा: तुमच्या हवामान खात्यानं काय दिवे लावले? २०२३ ला केरळात ८ जूनला आला आणि मुंबई-दिल्लीत एकाच दिवशी, २५ जूनला! कुणाच्या भरवशावर पेरायचं होतं?

उघडा डोळा: मग त्या साली तुमचा मृग कुठं होता? ८ जूनच्या सुमाराला लागतो, २२ च्या आसपास आर्द्रा. बहुतेक महाराष्ट्रात मृग कोरडाच गेला. मृगाच्या मुहूर्तावर पेरलेल्यांना विचारा.

मृगकिडा: आजोबा असते तर थांबले असते. जमीन उकरून बघायचे, मुठीत मातीचा लाडू वळला तरच तिफण. नाहीतर आर्द्रा.

कोरडवाहू: म्हणजे ओल बघूनच पेरायचे! पहिल्या ओळीपासून मी वेगळं काय सांगतोय?

मृगकिडा: तुम्ही मिलिमीटर सांगताय.

उघडा डोळा: चला, बेडूक सुटला.

काळी कसदार: झालं का? लाडू वळला, डबा भरला, आजोबा बरोबर. आता सहा दिवसांच्या रांगेवर बोला.

कोरडवाहू: त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी बैलजोडी आहे.

काळी कसदार: मग हे आधी सांगायचं ना राव!