विकिपीडियावरचं लेखन आयएसएला (सत्रांतर्गत मूल्यमापनाला) द्यायचं आहे, कुठे अडतं?

मांडवी_तीर
नमस्कार. तृतीय वर्ष बीए इतिहासाच्या ४८ मुलांकडून यंदा आयएसएच्या १० गुणांसाठी मराठी विकिपीडियावर गोव्याविषयी लेख लिहून घ्यायचा विचार आहे. नेहमीच्या असाइनमेंट एकमेकांच्या उतरवलेल्या येतात. संगणक कक्षात २० यंत्रं, ब्रॉडबँड एकच. वर्गाचं बाकी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. सुरुवात कशी करावी आणि गुण कशावर द्यावेत?

फोंडा_अध्यापक
सर, पहिली अडचण कक्षातच येईल. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) २४ तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. तुमची वीसही यंत्रं बाहेर एकाच पत्त्याची दिसतात, त्यामुळे सातव्या मुलाला नकार येणार. खाती आठवडाभर आधी घरून उघडायला सांगा. मोबाइल डेटावर कधीकधी पत्ता आधीच रोखलेला निघतो, कारण तो असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो आणि त्यातल्या कुणीतरी उपद्व्याप केलेले असतात. घरचं वायफाय बरं. खातं प्रत्येकाचं वेगळं हवं, ‘टीवायबीए गट ३’ असलं सामाईक खातं नियमात बसत नाही. खऱ्या नावाची सक्तीही नको, संपादनांचा इतिहास सगळ्यांना कायम दिसतो.

पहिले दोन आठवडे नवा लेख नकोच. आहेत त्या लेखांतलं शुद्धलेखन सुधारणं, एखाद्या बिनसंदर्भाच्या वाक्याला पुस्तकाचं पान जोडणं, एवढंच द्या. त्यातून जतन करणं, बदलाचा सारांश लिहिणं, इतिहास पाहणं हे हाताखालून जातं. मग तीन आठवडे आपापल्या धूळपाटीवर (खात्यातल्या सरावाच्या पानावर) लेखन, आणि त्यानंतरच मजकूर मुख्य लेखात. कक्षातल्या यंत्रांवर देवनागरी कळफलक नसला तरी चालतं: संपादन खिडकीत कंट्रोल आणि एम दाबलं की विकीचं स्वतःचं टंकन चालू-बंद होतं.

डिचोली_ग्रंथपाल
वरच्या वेळापत्रकाशी सहमत, पण खरा घात नक्कलचिकटव करते. २०११ मध्ये पुण्यातल्या महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच उपक्रम झाला होता. मुलांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर सरळ चिकटवला, साफसफाई स्वयंसेवकांच्या गळ्यात पडली आणि उपक्रम गुंडाळावा लागला. मुलं खूप, तपासणारे मूठभर, हे तिथलं दुखणं. म्हणून ४८ जणांचे ४८ लेख काढू नका. चौघांचा गट, १२ लेख, आणि शक्यतो जुनाच त्रोटक लेख वाढवा. गटातल्या प्रत्येकाला वेगळा विभाग द्या. दोघांनी एकाच परिच्छेदात एकदम बदल केले तर मागून जतन करणाऱ्याचं अडतं.

विषय असे घ्या ज्यांवर छापील, स्वतंत्र असे किमान दोन-तीन संदर्भ मिळतील: खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) आणि मानशी (तिथली पाणी अडवायची-सोडायची दारं), मिठागरं, गावकरी व्यवस्था (गावच्या सामाईक जमिनीची), गोव्याच्या विलीनीकरणावरचा १९६७ चा जनमत कौल. गावच्या देवळावर स्मरणिकेपलीकडे काही नसेल तर लेख टिकत नाही. कोंकणी-मराठीचा राजभाषेचा वाद पहिल्या वर्षी तरी टाळा, नाहीतर मुलं लिहायची सोडून भांडत बसतील. संदर्भांसाठी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक सत्र लावा.

आणखी एक सोय आहे. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला. त्यातून भाषांतर करून घ्यायला हरकत नाही, फक्त मूळ स्रोताचा उल्लेख हवा. इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर केलं तरी बदलाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यावाच लागतो. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच टाकलं तर ते पहिल्या ओळीतच ओळखू येतं.

साष्टी_४०३
फोटोंबद्दल: व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या भांडारात) चढवू देऊ नका. तिथून येताना फोटो लहान होतो आणि कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. मग तो स्वतः काढला असला तरी उचललेला वाटतो आणि वगळला जाऊ शकतो. ज्याने काढला त्यानेच, स्वतःच्या फोनमधली मूळ फाइल चढवायची.

गुण लेख टिकला की नाही यावर ठेवू नका, तो कुणीही बदलू शकतो. किती बाइट भरले यावर तर मुळीच नको, मुलं पाणी घालतात. प्रत्येकाच्या ‘योगदान’ पानावर तारीखवार सगळं दिसतं, तेच तपासा. माझी विभागणी अशी: संदर्भांना ४, स्वतःच्या शब्दांतल्या मांडणीला ३, पहिल्या दोन आठवड्यांच्या दुरुस्त्यांना २, दुसऱ्या गटाच्या चर्चापानावर दिलेल्या सूचनेला १. आदल्या रात्री एकाच फटक्यात सगळं चिकटवलेलं असेल तर पहिला संशय तिथेच घ्या.

व्हॉट्सॲप फक्त सूचनांपुरतं ठेवा आणि संदेश पाठवायचा अधिकार ॲडमिनपुरता. मसुदे तिथे मागवले की कुठला शेवटचा ते कुणालाच कळत नाही.

मांडवी_तीर
आभार. एखाद्या मुलीला असं उघडं खातं नकोच असेल तर?

साष्टी_४०३
सक्ती करता येत नाही, विकिपीडियावर दिलेला मजकूर तिथल्या मुक्त परवान्यामुळे परतही घेता येत नाही. तिला तेच काम गूगल डॉक्सवर द्या. दस्तऐवज तुम्ही तयार करा आणि तिला संपादनाचा अधिकार द्या, म्हणजे आवृत्त्यांचा इतिहास तुमच्याकडेच राहतो. गुणांची विभागणी तीच, फक्त तो एक गुण तिने वर्गातल्या एखाद्या गटाच्या लेखावर लेखी सूचना दिल्याचा.