सर्व्हेच्या मुलींना गेटवरून परत कोणी पाठवलं?

सी-१०१ ताई: नमस्कार. काल संध्याकाळी आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन मुली गेटवरून परत गेल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात पत्र. वॉचमन म्हणतो, वरून "नाही" सांगितलं. वरून म्हणजे कोणी, ते कळेल का?

सेक्रेटरी: ताई, कमिटीने असं काही सांगितलेलं नाही. फ्लॅटधारकाला इंटरकॉमवर विचारूनच सोडायचं, एवढाच नियम आहे.

ए-६०४: मी सांगितलं. माझ्याकडेच यायचं होतं त्यांना. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-३०२: बरोबर केलंत काका. आज नाव, वय, घरात माणसं किती विचारतात आणि उद्यापासून लोनचे फोन सुरू.

सी-१०१ ताई: काळजी रास्त आहे. म्हणूनच ओळखपत्र बघा, पत्र देणाऱ्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन लावा. ओटीपी, पासवर्ड, पैसे यातलं काहीही मागितलं तर दार लावून घ्या. पण काही न बघताच परत पाठवायचं?

ए-६०४: पेस्ट कंट्रोलवालाही ओळखपत्र घालूनच आला होता.

बी-२०४ काकू: आमच्याकडे का नाही आल्या? मी दिवसभर घरीच असते.

डी-५०३: काकू, तुमच्याकडे आल्या असत्या तर चहा, पोहे, लाडू होऊन रात्री दहाला सुटल्या असत्या.

बी-२०४ काकू: हो मग! उन्हातान्हात फिरतात पोरी.

ए-४०२: सगळे ऑनलाइन आहेत म्हणून सांगतो. बी विंगच्या पाहुण्यांची गाडी परत माझ्या जागेवर आहे.

बी-३०२: पाहुणे नाहीत, भाऊ आहे माझा. आणि ती जागा कॉमन आहे, एजीएममध्ये ठरलंय.

ए-४०२: कुठल्या एजीएममध्ये? मिनिट्स दाखवा.

सेक्रेटरी: पार्किंग रविवारी. कृपया.

सी-१०१ ताई: काकू, मनाला येईल त्या दारात नाही जाता येत त्यांना. आधी भागातल्या सगळ्या घरांची यादी होते, मग ठरावीक अंतराने घरं निवडतात. एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, त्यात एका भागातून २२. निवडलेलं घर बंद असेल तर पुन्हा येतात, पण त्याच्या बदल्यात शेजारचं घर घेता येत नाही. काकांनी नाही म्हटलं की ती जागा रिकामीच राहते.

डी-५०३: एका घराने काय फरक पडतो पण?

सी-१०१ ताई: पडतो. २०१९ मध्ये एनएफएचएस-५, म्हणजे पाचव्या फेरीसाठी महाराष्ट्रात ३१,६४३ घरांची माहिती घेतली. राज्यात कुटुंबं दोन कोटींच्या वर. एकेक घर शेकडो घरांच्या वतीने बोलत असतं. आणि नाही म्हणणारे सगळे आपल्यासारखे गेटच्या आतलेच असले, तर त्या आकड्यांत आपण दिसणारच नाही.

ए-६०४: हॉस्पिटलांचा डेटा असतो की सरकारकडे. आणि आम्ही दर वर्षी फुल बॉडी चेकअप करतो.

सी-१०१ ताई: हॉस्पिटलात गेला त्याचीच नोंद. आपल्याला शुगर आहे हेच ज्याला माहीत नाही, तो कुठल्या रजिस्टरमध्ये सापडणार? नोकरीत असताना एका घरात बोटाला टोचून थेंब घेतला, मशीनवर हिमोग्लोबिन सात. बाई शेतातून आलेली, कडेवर पोर. म्हणाली, "दम लागतो, पण तो सगळ्यांनाच लागतो." अशी बाई दवाखान्याची पायरी चढतच नाही. एनएफएचएस-५ मध्ये राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, निघाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६८.९ टक्के. २०१५-१६ ला हाच मुलांचा आकडा ५३.८ होता. घरोघर गेले म्हणून हे कळलं.

बी-२०४ काकू: अगंबाई! दहातली सात मुलं?

डी-५०३: बोटातल्या थेंबावर विश्वास ठेवायचा का पण? लॅबवाले शिरेतून घेतात.

सी-१०१ ताई: चांगला प्रश्न. बोटाच्या आणि शिरेच्या रक्तात फरक येतो, त्यावरून तज्ज्ञांतही वाद आहे. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा एकाच पद्धतीने केलेल्या दोन फेऱ्या शेजारी ठेवून बघायच्या.

ए-६०४: सगळं मान्य. पण पेस्ट कंट्रोलच्या वेळी

बी-३०२: काका, पुरे आता पेस्ट कंट्रोल.

ए-६०४: पुरे काय? हिची चेन गेली तेव्हा ग्रुपवर एकाने शब्द काढला नव्हता. दुसऱ्याच दिवशी गणपतीच्या वर्गणीची यादी मात्र आली.

सेक्रेटरी: काका, तक्रारीला मी आलो होतो तुमच्याबरोबर.

ए-६०४: तुम्ही आलात. बाकीच्यांचं बोलतोय.

सी-१०१ ताई: वहिनी त्यानंतर कित्येक दिवस एकट्या दार उघडत नव्हत्या, मला माहीत आहे. त्या मुली असतील तोवर मी तुमच्याकडे येऊन बसते. फक्त वहिनींचे खासगी प्रश्न चालू असताना आपण दोघंही बाहेरच्या खोलीत.

ए-६०४: किती वेळ लागतो?

सी-१०१ ताई: तासभर तरी धरा. बीपीच तीनदा घेतात, मध्ये पाच-पाच मिनिटं थांबून. एखादं उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणता येतं. रक्तही तुमच्या परवानगीशिवाय घेत नाहीत. नावं अहवालात येत नाहीत.

ए-४०२: गाडी अजून तिथेच आहे.

ए-६०४: ही साडेसहाला येते ऑफिसातून. उद्या सातनंतर चालेल. ऑफिसला फोन करून खात्री झाली तरच.

सेक्रेटरी: सकाळी मी स्वतः फोन करतो आणि इथे कळवतो. वॉचमन ओळखपत्राचा फोटो काढून, रजिस्टरमध्ये नोंद करूनच वर पाठवेल.

सी-१०१ ताई: पावणेसातला येते मी.